समोरची

कोराडीच्या पॉवर स्टेशनच्या वसाहतीत वाळत घातलेले कपडे संध्याकाळी झटकूनच घरात घ्यावे लागतात. दोरीवर असताना त्यांच्यावर राख दिसत नाही. झटकलं की कळतं, होती. कामिनी नागपुरात राहायला गेल्यानंतर दीक्षाचं तसंच झालं होतं. एरवी काही दिसायचं नाही. शाळा, शिकवणी, आईला भाकरी थापताना पीठ पुढे करणं, सगळं जागच्या जागी चाललेलं. पण जिन्यापाशी आली की कळायचं.

जिना म्हणजे त्यांच्या क्वार्टरचा. वरच्या मजल्यावर कामिनीचं घर, खाली दीक्षाचं, आणि मधलं वळण दोघींचं. शाळेच्या कुठल्याही स्पर्धेची तयारी तिथेच व्हायची. वक्तृत्व असो, कथाकथन असो, नाट्यछटा असो, स्टेजवर जायची ती दीक्षा. कामिनीला माईकपुढे उभं केलं तर तिला स्वतःचं नावसुद्धा आठवायचं नाही. पण दीक्षा बोलायला लागली की तिच्यापुढे बसायची ती कामिनीच. त्यांच्या मराठीच्या सुमती मॅडम तिला 'समोरची' म्हणायच्या. "दीक्षा, तुझी समोरची कुठे गेली? तिला बोलाव आधी, मग सुरू कर."

नाट्यछटेचं असतंच तसं. स्टेजवर माणूस एकच, पण ते बोलत असतं कोणाशी तरी. तो कोणीतरी दिसत नाही, त्याचा आवाज येत नाही. बोलणाऱ्याच्या नजरेतून, हातांतून, मध्ये थांबलेल्या क्षणांतून तो लोकांना दिसावा लागतो. हाताशी वस्तू कुठलीही घ्यायची नाही, असा नियमच. "समोरचं माणूस तुला दिसलं, तरच लोकांना दिसेल," मॅडम म्हणायच्या. दीक्षाला ते दिसायचं. का नाही दिसणार? ते खरंच पायरीवर बसलेलं असायचं.

दीक्षा यंदा नववीत होती, आणि यंदाची नाट्यछटा मॅडमनी स्वतः लिहिली होती. मोठी बहीण धाकटीची वेणी घालून देते आहे. शाळेची घाई, धाकटीची चुळबुळ, मोठीची दटावणी, आणि बोलता बोलता उलगडतं की मोठी उद्या शिकायला दूरच्या गावी निघाली आहे. आजची वेणी शेवटची. धाकटी रडते, मोठी तिला हसवते, आणि शेवटी म्हणते, "उद्यापासून तुझी तू घाल हं."

जुलैत तालीम सुरू झाली तेव्हा कामिनी दीक्षाकडे पाठ करून खालच्या पायरीवर बसली होती आणि दीक्षा वरच्या पायरीवर. कामिनीचे केस कमरेच्या खाली जायचे. दीक्षा खरोखरचीच वेणी घालत होती, म्हणजे हात आणि बोलणं बरोबर चाललं असतं. अडलं ते रिबिनीपाशी. दोन्ही हात केसांत गुंतलेले, रिबीन ठेवायची कुठे? तिने ती दातांत धरली आणि तशीच पुढचं वाक्य बोलली. 'हलू नको, भांग वाकडा होईल' यातलं एक अक्षरही कोणाला कळलं नसतं. कामिनी खुदकन हसली, वळली मात्र नाही. तिने उजवा हात खांद्यावरून मागे केला, पंजा उघडा ठेवून.

"दे इकडं. गिळून घेशील नाहीतर."

मॅडमनी पाहिलं आणि म्हणाल्या, "हे ठेवा. एवढं एक वाक्य दातांतून, मग रिबीन घ्यायला तिचा हात येतो, तुझं तोंड मोकळं होतं. इथे लोक नक्की हसतील."

मग ते तसंच बसून गेलं. रिबीन दातांत, एक वाक्य, खांद्यावरून हात, तोंड मोकळं, पुढचं वाक्य. स्टेजवर ना रिबीन असणार होती, ना हात. पण पाहणाऱ्यांना दोन्ही दिसलं असतं, याबद्दल दोघींच्या मनात शंका नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत कामिनीच्या घरच्यांनी प्रताप नगरात फ्लॅट घेतला. वसाहतीत हे नवीन नव्हतं. मुलं वरच्या वर्गात गेली की लोक नागपुरात घर पाहतात आणि वडील तेवढे ड्यूटीला येऊन-जाऊन करतात. कामिनीची मोठी बहीण दामिनी अकरावीला गेली होती, तिच्या क्लासच्या सोयीने सगळं घर हललं. ट्रकमध्ये पलंग चढला, कूलर चढला, आणि कामिनी आजीच्या मांडीवर तुळशीची कुंडी देऊन पुढे बसली. पहिले काही दिवस दीक्षाच्या आईच्या फोनवर रोज फोन यायचा. इथे लिफ्ट आहे. इथे वर्गात सगळे हिंदीच बोलतात. इथल्या मॅडम मले 'मला' म्हण म्हणून राहिल्या. मग फोन दोन-तीन दिवसांनी यायला लागला, मग मेसेज, मग मेसेजवर नुसता अंगठा.

दीक्षाने जिन्याच्या कठड्याला सुतळीचा एक जुडगा बांधला आणि त्याची वेणी घालत तालीम चालू ठेवली. सुतळीला हात नव्हता. म्हणून रिबीन ती कठड्यावर ठेवायला शिकली. वाक्यं स्वच्छ निघायला लागली. मॅडमनी एकदा वळणावर उभं राहून सगळी नाट्यछटा पाहिली.

"छान झालं आहे," त्या म्हणाल्या. "रिबीन गेली गं पण."

"दातात धरली की मले बोलताच येत नाही, मॅडम."

मॅडमनी सुतळीकडे पाहिलं.

आंतरशालेय स्पर्धा यंदा प्रताप नगरातल्या एका शाळेत आहे हे कळलं, आणि ती शाळा कामिनीचीच निघाली, तेव्हा दीक्षाने आईचा फोन घेऊन संडासाच्या दारामागे उभं राहून मेसेज केला. 'तुमच्या शाळेत येऊन राहिली मी. नाट्यछटा.' उत्तर आलं, 'हो? मस्त. मी व्हॉलंटियर आहे.' दीक्षाने लिहिलं, 'समोर बसशील?' बऱ्याच वेळाने उत्तर आलं, 'बघू गं.'

बक्षीस मिळावं असं तिला वाटत नव्हतं असं नाही. पण खरं मागणं एवढंच होतं. पहिल्या रांगेत, जिथे नजर टेकते तिथे, कामिनी बसलेली असावी. मग वरच्या पायरीवरून बोलायला काय लागतं?

स्पर्धेच्या दिवशी मॅडमची दुसरीकडे परीक्षेची ड्यूटी निघाली. दीक्षाबरोबर बाबा निघाले. ते रात्रपाळी करून सकाळी घरी आले, अंघोळ केली, आणि स्वेटर उलटा घालून बसस्टॉपवर उभे राहिले.

"बाबा, स्वेटर उलटा आहे."

"राहू दे. आतून गरम आहे."

दीक्षाच्या दप्तरात एका पिशवीत बोरं होती. वसाहतीच्या मागच्या कुंपणाजवळची, आंबट, कामिनीला आवडायची ती. नागपुरात बर्डीला बस बदलली. दोन्ही बसमध्ये बाबांचं डोकं खिडकीवर आपटत राहिलं आणि दर आपटण्याला ते डोळे न उघडता विचारत राहिले, "आलं का?"

शाळा मोठी होती. हॉलच्या दारात बिल्ले लावलेल्या मुली नावं टिपून घेत होत्या. त्यातल्या एकीने मान वर केली, आणि दीक्षाला ओळखायला एक क्षण लागला. कामिनीचे केस हनुवटीपर्यंत कापलेले होते.

"अगं, आलीस पण? नंबर किती आहे तुझा?" कामिनीने विचारलं.

"केस काहून कापले वं?"

"इथे सकाळी लवकर शाळा असते ना. वेळ नाही मिळत." मग बाजूच्या मुलीकडे वळून म्हणाली, "ही दीक्षा. माझ्या जुन्या शाळेतली."

बाजूची मुलगी हसली आणि दीक्षाच्या कुर्त्यावर सेफ्टी पिनने नंबर लावू लागली. जुन्या शाळेतली. खोटं काहीच नव्हतं त्यात. दीक्षा मनातल्या मनात ते वाक्य उलटंसुलटं करून पाहत राहिली. कुठेही टोचण्यासारखं काही सापडेना, तरी टोचत होतं.

"बसशील ना समोर?" तिने हळूच विचारलं.

"मला घंटी दिली आहे गं. परीक्षकांच्या शेजारी." कामिनीने टेबलाकडे बोट दाखवलं. "चार मिनिटं झाली की एकदा वाजवायची, पाच झाली की दोनदा. सारखं घड्याळाकडेच बघावं लागतं. चुकलं की आमच्या मॅडम ओरडतात."

म्हणजे ती समोरच बसणार होती. अगदी स्टेजच्या पायथ्याशी. फक्त घड्याळाकडे बघत.

बोरं दप्तरातच राहिली. बाबा शेवटच्या रांगेत जाऊन बसले, आणि पहिल्या स्पर्धकाने नमस्कार करायच्या आत त्यांची मान छातीवर आली. दीक्षा बाजूच्या बाकावर आपल्या नंबरची वाट पाहत बसली. बाकीच्या शाळांच्या मुलींबरोबर त्यांच्या बाई होत्या, मैत्रिणी होत्या. कोणी कोणाची ओढणी नीट करत होतं, कोणी ग्लुकोज पाजत होतं. एका मुलीने तिला विचारलं, "तू अकेली आई क्या?" दीक्षाने मागच्या रांगेकडे मान केली. "बाबा आहेत." मुलीने तिकडे पाहिलं आणि ओठ दाबून हसली.

नंबर पुकारला.

स्टेजवर उभं राहिलं की समोरचा हॉल काळा होतो हे दीक्षाला माहीत होतं. पण टेबलावर एक दिवा होता, आणि त्या उजेडात कामिनी होती. डाव्या हाताशी घड्याळ, उजव्या हातात पितळी घंटी. दीक्षा खाली वाकली, न दिसणाऱ्या कंगव्याने न दिसणारे केस विंचरू लागली. आवाज नीट निघाला. धाकटीला दटावलं तेव्हा हॉलमध्ये कोणीतरी हसलं. भांग पाडला. तीन पेड वेगळे केले. आता रिबीन नसलेल्या कठड्यावर ठेवायची.

तेव्हा कामिनीने वर पाहिलं.

काय झालं ते दीक्षाला नंतरही नीट सांगता आलं नसतं. हात कठड्याकडे गेलाच नाही. तो तोंडाकडे गेला, दात मिटले, आणि 'हलू नको, भांग वाकडा होईल' हे दातांतून निघालं, जुलैत निघायचं तसं. हॉल हसला. छान हसला. दीक्षा थांबली. आता हात येईल.

हात आला नाही.

कसा येणार? ती स्टेजवर एकटी होती, समोर फळ्या होत्या आणि पुढे काळोख. पण दात उघडेनात. थांबणं लांबलं तशी तिने पुढचं वाक्य दातांतूनच म्हटलं. मग त्याच्या पुढचं. हसणं विरलं. परीक्षकांपैकी एक बाई कान पुढे करून टेबलावर वाकल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "क्या बोल रही है?" दीक्षाचे हात हवेत वेणी घालत होते, न थांबता, आणि तिला स्पष्ट कळत होतं की आपण चुकतो आहोत, आणि तरी ती उघड्या पंजाची वाट पाहत होती.

टण्.

घंटी झाली. अर्धवट, दबल्यासारखी, पण झाली. चार मिनिटं संपली? इतक्यात? अजून धाकटी रडायची होती, तिला हसवायचं होतं, गावाचं नाव सांगायचं होतं. आता हे सगळं एका मिनिटात कसं बसणार? दीक्षाने स्वतःच हात वर नेला, दातांतली रिबीन काढली, वेणीच्या टोकाला बांधली, गाठ मारली. मधलं सगळं सोडून दिलं. कोणाच्या तरी डोक्यावर हात ठेवला, आणि तिला ऐकू आलं, आपण म्हणतो आहोत, "उद्यापासून तुझी तू घाल हं."

टाळ्या पडल्या, जेवढ्या सगळ्यांना पडतात तेवढ्या. दुसरी घंटी झालीच नाही.

निकाल लागण्याआधी परीक्षक दोन शब्द बोलले. वामनराव म्हणून एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी नंबर घेऊन, कोणाला न दुखावता, एकेकाचं सांगितलं. दीक्षाच्या नंबराला म्हणाले, "हात फार सुंदर होते या मुलीचे. मला वेणी दिसली. पण मधली वाक्यं तोंडातल्या तोंडात राहिली. आणि बाळा, पुष्कळ वेळ शिल्लक असताना शेवट गुंडाळलास कशाला?"

पुष्कळ वेळ शिल्लक.

तिने टेबलाकडे पाहिलं. घंटी आता दुसऱ्याच मुलीच्या हातात होती. पहिला, दुसरा, तिसरा, उत्तेजनार्थ. नावं पुकारली गेली, त्यांत तिचं नव्हतं. ते तिला वामनरावांचं ऐकतानाच समजलं होतं. पण घंटी? कामिनीने चुकीची वाजवली? लक्ष नव्हतं तिचं? की मुद्दामच, हे दातांतलं बोलणं लवकर संपावं म्हणून? जुन्या शाळेतलीची लाज वाटली असेल तिला.

प्रमाणपत्र घेऊन ती फाटकाशी आली. बाबा बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन उभे होते. मागून चपलांचा आवाज आला.

"दीक्षा, थांब नं."

दीक्षा थांबली, पण वळली नाही. "घंटी काहून वाजवली?"

"मी नाही वाजवली."

"मग कोणी वाजवली? माझ्या बाबांनी?"

"वाजवली नाही वं." कामिनीचा आवाज एकदम जिन्यातला झाला. "तू रिबीन दातात धरली. मग थांबली. मले कळलं काहून थांबली ते. माझा हात आपोआपच मागं गेला. खांद्यावरून, असा. घंटी हातातच होती, तशीच मागं गेली अन् वाजली."

दीक्षा वळली. कामिनीने तो हात अजून खांद्यावर धरला होता, पंजा मिटलेला, जणू घंटी अजून आत होती.

"मॅडमनी काढून घेतली मग," कामिनी म्हणाली. "सगळ्यांसमोर रागावल्या. मी सांगू का जाऊन? त्या वामनराव सरले सांगते, चूक माझी आहे म्हणून."

"काय सांगशील?"

सांगण्यासारखं होतं काय? स्टेजवर नसलेली रिबीन घ्यायला माझा हात गेला, असं? दोघींच्याही एकाच वेळी लक्षात आलं की हे जगात तिसऱ्या कोणाला समजावता यायचं नाही. कामिनीला हसू फुटलं, आणि मग दीक्षालाही, आणि ते फार टिकलं नाही.

दीक्षाने दप्तरातून पिशवी काढली. "घे. पिचली असतील थोडी."

कामिनीने तिथेच एक बोर तोंडात टाकलं, आंबट लागून डोळे मिटले. तेवढ्यात आतून हाक आली, "कामिनी, खुर्च्या उचलायच्या आहेत, चल लवकर."

"फोन करते," ती म्हणाली.

"कर."

ती पळत गेली. मागून तिची मान उघडी दिसत होती, केस कापल्यावर दिसते तशी, गोरी आणि थंडीने काटा आलेली. तिथे वेणी घालण्याजोगं काही उरलं नव्हतं. दीक्षाला वाटलं, हात तर अजून जिन्यातच आहे हिचा. आणि तरीही कोराडीला परतणाऱ्या बसमध्ये ती बसणार नाही.

बर्डीहून कोराडीची बस मिळाली तेव्हा उन्हं उतरली होती. बाबा आता चांगले जागे होते.

"नंबर द्यायला पाहिजे होता," ते म्हणाले. "काय समजतं त्यांले."

"तुम्ही झोपले होते, बाबा."

"सुरुवातीले लागला असंल डोळा थोडासा. शेवटचं ऐकलं ना मी." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "उद्यापासून तुझी तू घाल. मले वाटलं मलेच सांगून राहिली. स्वेटर म्हणून."

दीक्षाने त्यांच्या दंडावर डोकं टेकवलं. उलट्या स्वेटरची शिवण गालाला टोचत होती. पॉवर स्टेशनच्या चिमण्या लांबूनच दिसायला लागल्या.

घरी पोचल्यावर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय झालं वं?" दीक्षा म्हणाली, "प्रमाणपत्र भेटलं," आणि दप्तर ठेवून जिन्यात गेली. कठड्याला सुतळी होती. राख बसून ती थोडी करडी झाली होती. तिने गाठ सोडली, सुतळी गुंडाळून बाजूला ठेवली. मग सवयीने वरच्या पायरीवर बसायला गेली, थांबली, आणि दोन पायऱ्या उतरून खालच्या पायरीवर बसली. इथे ती कधीच बसली नव्हती. इथून समोर नुसती भिंत दिसते. इतके दिवस कामिनी या भिंतीकडे बघत बसत होती, तिची वाक्यं पाठीवर झेलत.

वर कामिनीच्या दाराला अजून कुलूपच होतं. नवे लोक आले नव्हते.

दीक्षाने आपली वेणी सोडली. केस पुढे घेतले, तीन पेड केले, रिबीन दातांत धरली, आणि मघाशी राहून गेलेलं सगळं म्हणू लागली. गावाचं नाव, धाकटीचं रडणं, तिला हसवणं. कोणाला कळलं नसतं काय बोलते आहे ते. म्हणताना तिने एक हात खांद्यावरून मागे केला आणि तो तसाच थोडा वेळ वरच्या पायरीकडे उघडा धरून ठेवला.

"दीक्षा," आतून आईने हाक मारली. "कोणाशी बोलून राहिली वं?"

दातांत रिबीन होती.